संडे स्कूलच्या वर्गात प्रार्थना शिकवताना

संडे स्कूलला नव्याने येणाऱ्या पाच-सहा वर्षांच्या मुलाला प्रार्थनेबद्दल तीन गोष्टी आधीच ठाऊक असतात: डोळे मिटायचे, हात जोडायचे आणि मोठी माणसं बोलत असताना गप्प राहायचं. पहिल्या दोन चालतात, तिसरी मोडावी लागते. घरच्या उपासनेत, चर्चमध्ये, वाढदिवसाच्या केकसमोर, सगळीकडे प्रार्थना दुसरंच कुणीतरी करतं आणि मुलाच्या वाट्याला शेवटचं 'आमेन' येतं. तेही 'सुटलो एकदाचे' अशा थाटात ठणकावून म्हटलं जातं. शिकवायला सुरुवात करायची ती इथून.

आम्ही लिहितोय ते मराठी मंडळ्यांमधल्या, म्हणजे मराठी प्रोटेस्टंट चर्चमधल्या, वर्गांबद्दल. वर्ग मोठ्यांच्या उपासनेआधी भरतो, जेमतेम पाऊण तास. गीत, गोष्ट, वचनाचं पाठांतर, हजेरी, दान आणि खाऊ एवढं सगळं त्यातच बसवायचं असतं, त्यामुळे प्रार्थनेला दहा-बारा मिनिटं मिळतात. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की हा धडा घ्यावा. मध्ये एखादा रविवार पावसाने बुडणार हे धरूनही आठ रविवार पुरतात. उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या व्हीबीएसमध्ये (व्हेकेशन बायबल स्कूलमध्ये) पाच दिवसांत सगळं उरकण्याचा मोह होतो. त्यात पाठांतर तेवढं होतं आणि शाळा उघडेपर्यंत तेही उडून जातं.

शिकवायच्या गोष्टी दोन आहेत. एक पाठ असलेली प्रार्थना, म्हणजे मुख्यतः येशूने शिष्यांना शिकवलेली 'प्रभूची प्रार्थना'. दुसरी मुलाने आपल्या शब्दांत केलेली. या दोन्ही एकाच रविवारी घेऊ नयेत. एकत्र घेतल्या की मूल स्वतःच्या प्रार्थनेतही 'मानले जावो', 'सोडव' अशी पुस्तकी क्रियापदं पेरायला लागतं आणि त्याला जे म्हणायचं होतं ते राहूनच जातं. आमचा क्रम ठरलेला आहे. चार ते सहा वर्षांच्या गटात फक्त स्वतःची छोटी वाक्यं. सातव्या वर्षाच्या आसपास, वाचायला येऊ लागल्यावर, प्रभूची प्रार्थना. काही पालकांना हा क्रम उलटा वाटतो. 'आमचा तीन वर्षांचा बाळू पूर्ण म्हणून दाखवतो' असं ते कौतुकाने सांगतात. म्हणू देत, काही बिघडत नाही. फक्त त्याला प्रार्थना करता येते असं समजून त्याला पुढच्या गटात बसवू नये.

लहान गटाची पद्धत सोपी आहे. मुलं गोल बसतात आणि एक मऊ चेंडू हातोहात फिरतो. ज्याच्या हातात चेंडू, त्याने एक वाक्य म्हणायचं: "प्रभू येशू, अमुकसाठी थँक्यू." 'थँक्यू'च्या जागी 'उपकार मानतो' म्हणायला लावू नये; मुलं घरीदारी थँक्यूच म्हणतात. ज्याला बोलायचं नसेल त्याने चेंडू पुढे द्यायचा, कारण विचारायचं नाही. ही सूट न दिल्यास लाजरी मुलं पुढच्या रविवारी पोटात दुखतंय म्हणून घरी राहतात.

यात हमखास होणारा घोटाळा असा: पहिलं मूल 'आई-बाबांसाठी थँक्यू' म्हणतं आणि मग पंधराच्या पंधरा मुलं तेच म्हणतात. उपाय म्हणजे विषय इतका बारीक करायचा की नक्कल करायला वावच राहू नये. 'आज इथे येताना रस्त्यात दिसलेली एक गोष्ट' किंवा 'काल ताटात असलेली एक गोष्ट'. मग बकरीचं पिल्लू येतं, सिग्नलचा हिरवा दिवा येतो, वरणातलं लिंबूसुद्धा येतं. 'बाबांसाठी' असा विषय आम्ही कधीच देत नाही. वर्गात वडील नसलेलं किंवा वडील घरी नको असलेलं एखादं मूल असतंच. 'घरातल्या एका माणसासाठी' एवढं पुरतं.

शिक्षकाने स्वतः किती वेळ प्रार्थना करायची हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. लहान गटात अर्धा मिनिट, मोठ्या गटात फार तर एक. त्याच्या पुढे मुलं एक डोळा उघडून शेजाऱ्याला चिमटे काढायला लागतात, मग शिक्षक प्रार्थना थांबवून दटावतात, आणि 'हे दयाळू पित्या' व 'ए, गप बस' ही दोन्ही वाक्यं एकाच श्वासात ऐकू येतात. मुलं प्रार्थना शिकतात ती असल्या वेळी. 'हे परमदयाळू, परमकृपाळू, सर्वसमर्थ' अशी विशेषणांची माळ तर वर्गात टाळावीच. ज्या शब्दांत आपण मुलांशी बोलतो त्याच शब्दांत त्यांच्यासमोर देवाशी बोलावं.

असं सांगायचं कारण म्हणजे आठ-नऊ वर्षांची मुलं नकला करण्यात तरबेज असतात. पाळकसाहेबांचा आवाज, त्यांचा सूर, मध्येच घेतलेला लांब श्वास, सगळं उचलतात. "प्रभू, आम्ही प्रभू, तुझे उपकार मानतो प्रभू," असं दर दोन शब्दांमागे 'प्रभू' येऊ लागलं की समजावं, मूल प्रार्थना करत नाहीये, प्रार्थना करणाऱ्या माणसाची भूमिका करतंय. हसू नये, रागावू तर मुळीच नये. तेच म्हणणं आधी शेजारच्या मित्राला सांगायला लावावं ("माझ्या आजीचा गुडघा दुखतोय") आणि मग देवाला. दुसऱ्या खेपेला आवाज आपोआप खाली येतो.

नकलेचाच आणखी एक प्रकार शिक्षकांच्या मागून म्हणायच्या प्रार्थनेत सापडतो. शिक्षक शेवटी 'येशूच्या नावाने मागतो' म्हणतात आणि वर्गातल्या मुलीही 'मागतो' म्हणतात. शिक्षिका असल्या की मुलगे 'मागते' म्हणतात आणि मग पाच मिनिटं हशा. 'आम्ही मागतो' असं अनेकवचनी म्हणवून घेतलं की प्रश्न मिटतो. एकेकट्याच्या प्रार्थनेत मात्र मुलीला 'मागते' म्हणायची आठवण करून द्यावी, नाहीतर ही सवय पुढे कित्येक वर्षं सुटत नाही. मागून म्हणायच्या प्रार्थनेत एका वेळी चार-पाच शब्दांपेक्षा जास्त देऊ नयेत, आणि वाक्य तोडायचं ते अर्थाच्या जागी. 'आम्हांला वाइटा' आणि 'पासून सोडव' असं तोडून ऐकवलं की मुलं तसंच पाठ करतात.

आता प्रभूची प्रार्थना. मत्तयाच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात 9 ते 13 या ओव्यांत, म्हणजे वचनांत, ती आहे. लूकच्या अकराव्या अध्यायातली थोडी आखूड आहे. लूकमधला प्रसंग वर्गात आधी सांगण्याजोगा आहे, कारण तिथे शिष्यच येशूला म्हणतात, आम्हांला प्रार्थना करायला शिकवा. एवढी मोठी माणसं, आयुष्यभर सभास्थानात जाणारी, तीही शिकवा म्हणतात हे ऐकून मुलांना हायसं वाटतं.

पाठांतरासाठी जाड कार्डशीटच्या दहा पट्ट्या कापाव्यात, प्रत्येकी साधारण एक वीत उंच आणि हातभर लांब. मोठ्या अक्षरात एकेक तुकडा लिहावा: 'हे आमच्या स्वर्गातील पित्या', 'तुझे नाव पवित्र मानले जावो', 'तुझे राज्य येवो', 'जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो', 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे', 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे', 'तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड', 'आम्हांला परीक्षेत आणू नकोस', 'तर आम्हांला वाइटापासून सोडव', आणि शेवटची 'कारण की राज्य, सामर्थ्य व गौरव ही सर्वकाळ तुझीच आहेत. आमेन.' दोरी बांधून पट्ट्या कपड्यांच्या चिमट्यांनी लटकवाव्यात. पट्ट्यांवर आकडे घालू नयेत. आकडे घातले की मुलं आकडे लावतात, वाक्यं वाचत नाहीत.

पाठ करून घ्यायचं ते शेवटाकडून. पहिल्या रविवारी शेवटच्या तीन पट्ट्या, पुढच्या रविवारी त्यांच्या आधीच्या तीन, आणि दर वेळी म्हणत म्हणत शेवटापर्यंत जायचं. सुरुवातीकडून शिकवलं तर पहिली ओळ पन्नास वेळा म्हटली जाते आणि शेवटची पाचच वेळा. मंडळीत उभं राहून म्हणताना मुलं 'हे आमच्या' जोरात सुरू करून 'ऋण्यांस'पाशी पुटपुटायला लागतात ते यामुळेच. शेवटाकडून शिकलेलं मूल उलट पुढे जाईल तसं भक्कम होत जातं.

चूक कुठे होणार हेही आधीच सांगता येतं. या प्रार्थनेत 'सोड' तीनदा येतं: ऋण सोडले आहे, आमची ऋणे सोड, वाइटापासून सोडव. मूल दुसऱ्या 'सोड'वरून थेट तिसऱ्यावर उडी मारतं आणि 'परीक्षेत आणू नकोस' गळून जातं. त्या जागी आम्ही हाताची खूण ठेवतो. 'सोड' म्हणताना मूठ उघडायची, 'आणू नकोस' म्हणताना तळहात पुढे आडवा धरायचा. खूण राहिली की ओळ राहिली हे मुलांच्या स्वतःच लक्षात येतं. शिकून झाल्यावर खुणा सोडून द्याव्यात, नाहीतर त्याचा नाच होतो.

दुसरी अडचण चालीची. शाळेत रोज सकाळी प्रतिज्ञा म्हणणारी मुलं त्याच हेलात ही प्रार्थना म्हणतात, दर ओळीच्या शेवटी आवाज चढवत. ओरडू नका म्हणून उपयोग होत नाही. एकदा सगळ्यांना कुजबुजत्या आवाजात म्हणायला लावलं की हेल मोडतो, कारण कुजबुजताना चढवता येत नाही. इंग्रजी माध्यमातल्या मुलांचा वेगळाच पेच असतो. मराठी फडाफडा बोलतात, पण देवनागरी अडखळत वाचतात. त्यांच्यासाठी पट्ट्यांवर ओळीबरोबर एक छोटं चित्र काढावं. स्वतःच्या शब्दांतली प्रार्थना मात्र ती ज्या भाषेत भावंडांशी भांडतात त्या भाषेत करू द्यावी. 'डिअर जीझस, माझा टॉमी लवकर बरा कर' हे वाक्य आम्ही कधी दुरुस्त केलेलं नाही.

अर्थ समजावताना प्रत्येक ओळीला एक रविवार द्यायची गरज नाही. काही ओळी दोन मिनिटांत होतात. 'नाव पवित्र मानले जावो' मुलांना पटकन कळतं, कारण आपल्या नावाची कुणी टवाळी केली की कसं वाटतं याचा प्रत्येकाला अनुभव असतो. 'राज्य' म्हटलं की आपल्याकडची मुलं शिवाजी महाराजांपाशी जातात, आणि ते सोयीचंच आहे. राजाचा शब्द जिथे पाळला जातो ते त्याचं राज्य, एवढं तिथून सांगता येतं. भाकरीवर कुणीतरी म्हणतंच, 'आमच्याकडे पोळी असते'. तिथे बायबलातल्या निर्गमाच्या सोळाव्या अध्यायातली मान्नाची, म्हणजे देवाने रानात रोज दिलेल्या अन्नाची, गोष्ट घ्यावी. रोजच्यापुरतं गोळा करायचं, दुसऱ्या दिवसासाठी ठेवलं तर त्यात किडे पडायचे. 'आज' हा शब्द त्याने पक्का बसतो. हार्वेस्ट फेस्टिव्हलच्या रविवारी वेदीपाशी ज्वारीची कणसं, कांदे, भोपळे आलेले असतात तेव्हा ही ओळ मुलांना त्यांच्यापुढे उभं करूनच शिकवावी.

ऋणाच्या ओळीला वेळ लागतो. किराणा दुकानातली उधारीची वही बऱ्याच मुलांनी पाहिलेली असते. दुकानदाराने आपली उधारी खोडली आणि आपण मात्र मित्राकडून पाच रुपये वसूल करायला त्याच्या दारात जाऊन बसलो, तर? मत्तयाच्या अठराव्या अध्यायातली निर्दय चाकराची गोष्ट नेमकी हीच. या ओळीनंतर वर्गात भांडणं मिटवायला लावू नयेत. 'चला, आता एकमेकांना सॉरी म्हणा' असा हुकूम दिला की मुलं म्हणतात, हात मिळवतात आणि बाहेर पडल्यावर पुन्हा तिथूनच सुरू करतात.

'परीक्षा' म्हणजे सहामाही असं प्रत्येक वर्गात कुणीतरी समजतंच, आणि ही ओळ मनापासून म्हणतं. चुकीचा मोह आणि गणिताचा पेपर यांतला फरक सांगायला वेळ लागत नाही. पण मार्चमध्ये दहावीची मुलं प्रार्थनेसाठी येतात तेव्हा हा विषय पुन्हा निघतो. 'नव्वद टक्के पडू दे' असं मागायला आम्ही आडकाठी करत नाही; त्याच्या जोडीला 'पेपर हातात आल्यावर मला घाबरू देऊ नकोस' हेही मागायला सुचवतो. 'पास झालो तर चर्चला पंखा देईन' असले सौदे मात्र तिथल्या तिथे थांबवावेत. तेही मुलं मोठ्यांकडूनच शिकलेली असतात.

सगळ्यांत जपून हाताळायचा शब्द म्हणजे पहिलाच, 'पित्या'. ज्या घरात बाप पिऊन येतो त्या घरातल्या मुलाला 'देव आपल्या बाबांसारखा असतो' हे वाक्य सांगणं क्रूरपणा आहे. उलट दिशेने जावं. लूकच्या पंधराव्या अध्यायातला बाप आधी दाखवावा, दुरून मुलाला पाहून धावत सुटणारा, आणि म्हणावं की येशू 'पिता' म्हणतो तो असा.

मिश्र घरांतली, म्हणजे आई कॅथलिक आणि वडील प्रोटेस्टंट अशी मुलं असली की शेवटच्या पट्टीवर गोंधळ होतो. कॅथलिक मूल 'वाइटापासून सोडव'नंतर थेट आमेन म्हणतं, बाकीचे पुढे चालू ठेवतात. कोण बरोबर यात शिरू नये. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ती शेवटची ओळ नाही, फार पूर्वीपासून मंडळ्या ती जोडून म्हणत आल्या आहेत, आणि कॅथलिक मिस्सामध्येही, म्हणजे त्यांच्या उपासनेतही, ती येते, फक्त मध्ये धर्मगुरूंची एक प्रार्थना झाल्यावर. एवढं सांगितलं की दहा वर्षांच्या मुलाचं समाधान होतं. वसईकडच्या कॅथलिक पॅरिशमध्ये धर्मशिक्षणाचा वर्ग सात-आठ वर्षांच्या वयात पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या, तयारीला लागतो, त्यामुळे तिथल्या मुलांना क्रुसाची खूण, नमो मरिया आणि पश्चात्तापाची प्रार्थना आपल्या मुलांच्या बरीच आधी पाठ असते. पाठांतराची त्यांची शिस्त आपल्यापेक्षा चांगली आहे हे कबूल करायला हरकत नाही.

ती शिस्त जुनीही आहे. 1542 मध्ये गोव्यात आलेले कॅथलिक मिशनरी फ्रान्सिस झेवियर रस्त्यातून घंटा वाजवत फिरायचे, मुलं गोळा करायचे आणि प्रार्थना चालीवर म्हणून घ्यायचे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण लिहिलंच (1616), शिवाय गुरू-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांतली त्यांची धर्मशिक्षणाची पुस्तिकाही 1622 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, गोव्यातल्या रायतूरला छापली गेली. चाल आणि प्रश्नोत्तर ही दोन्ही हत्यारं आजही बोथट झालेली नाहीत. आमच्याकडे चालीची बाजू नारायण वामन टिळकांच्या पदांनी भक्कम केली आहे. 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातली त्यांची अभंगाच्या वळणाची गीतं मुलं पेटीशिवायही सुरात म्हणतात, आणि त्यांतली कितीतरी मुळात प्रार्थनाच आहेत.

आलटून-पालटून म्हणायला 136वं स्तोत्र घ्यावं. सव्वीस ओव्या, आणि प्रत्येकीच्या शेवटी 'कारण त्याची दया सनातन आहे'. शिक्षक पहिला भाग वाचतात, मुलं पालुपद म्हणतात. तीन-चार ओव्यांनंतर पुस्तक बंद करून मुलांनाच पहिला भाग रचू द्यावा. 'ज्याने आमच्या विहिरीला पाणी आणलं' आणि मग सगळे मिळून पालुपद. स्वतःच्या शब्दांची भीती घालवायला याच्याइतकी चांगली युक्ती आम्हाला माहीत नाही, कारण अर्धं वाक्य चुकलं तरी उरलेलं अर्धं वर्ग सांभाळून घेतो.

दुसऱ्यांसाठी मागायला पाच बोटं पुष्कळ ठिकाणी वापरतात. अंगठा सगळ्यांत जवळ, म्हणून घरची माणसं. त्याच्या शेजारचं बोट वाट दाखवतं, म्हणून शिक्षक, डॉक्टर, पाळक. मधलं सगळ्यांत उंच, म्हणून सरपंचापासून पंतप्रधानांपर्यंत. चौथं सगळ्यांत दुबळं, म्हणून आजारी आणि एकटी माणसं. करंगळी म्हणजे मी. हात छातीशी जोडले की अंगठा आपल्याकडे येतो, म्हणून सुरुवात तिथून. मुलं करंगळीपासून सुरू करतात आणि तिथेच संपवतात, एवढं सोडलं तर पद्धत बिनचूक आहे. बारा-तेराच्या मुलग्यांना मात्र ती शिकवू नये. मधल्या बोटापाशी वर्ग हातातून जातो.

शरीराची ठेवण कशी असावी यावर फार वेळ घालवायचं कारण नाही. दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकायचा, हन्नाचे नुसते ओठ हलत होते, योना माशाच्या पोटात होता, आणि पेत्र बुडताना 'प्रभूजी, मला वाचवा' एवढंच ओरडला. ही चार उदाहरणं ओळीने सांगितली की मुलं स्वतःच म्हणतात, कसंही चालतं. दार लावून एकांतात प्रार्थना करायला येशूने सांगितलं आहे, पण एका खोलीत सहा माणसं राहणाऱ्या घरातलं मूल दार कुठलं लावणार? अशा मुलांना आम्ही सांगतो, रात्री गोधडी डोक्यावर ओढली की झाली तुझी खोली.

ऐकायलाही शिकवावं लागतं. 'बोल, तुझा दास ऐकत आहे' ही शमुवेलाची गोष्ट झाल्यावर शांत बसायचं, आधी पंधरा सेकंद. घड्याळ शिक्षकाने पाहावं, मुलांना दाखवू नये. दर रविवारी थोडं वाढवत एक मिनिटापर्यंत न्यावं, पुढे नाही. नंतर 'देव तुला काय म्हणाला?' असं कधीही विचारू नये. विचारलं की मुलं उत्तर तयार करतात, आणि एकाचं उत्तर ऐकून दुसरा त्याहून सुरस सांगतो.

पापकबुली गटात मोठ्याने करून घेण्याच्या आम्ही विरोधात आहोत. लहान मुलं ती आयत्या वेळी रचतात किंवा भावाची पापं कबूल करतात. मोठी मुलं खरं सांगतात आणि आठवडाभर शाळेत चिडवली जातात. या भागासाठी मूकपणे अर्धा मिनिट द्यावा आणि शिक्षकाने सगळ्यांच्या वतीने एक साधं वाक्य म्हणावं.

दहा वर्षांपुढच्या गटात चिठ्ठ्यांची पेटी ठेवतो. बुटाच्या खोक्याला वरून फट पाडली की झालं. नाव लिहायची सक्ती नाही. चिठ्ठ्या वर्गात मोठ्याने वाचायच्या नाहीत. शिक्षकाने आधी एकट्याने वाचून 'आजारी माणसांसाठी', 'घरच्या काळजीसाठी' असं मोघम करून मांडायचं. छोट्या गावात अक्षरावरूनही मूल ओळखू येतं. पेटीत कधी मारहाणीची किंवा अंगाला हात लावल्याची चिठ्ठी निघाली तर ती प्रार्थनेची विनंती म्हणून फिरवायची नाही. मुलाशी एकांतात पण दार उघडं ठेवून बोलायचं, पाळकांना कळवायचं आणि 1098 या चाइल्डलाइनच्या क्रमांकावर फोन करायचा. प्रार्थना करू, बघू, असं म्हणून वेळ काढणं हा गुन्ह्यात सामील होण्याचाच प्रकार आहे.

आजीसाठी सगळ्यांनी प्रार्थना केली आणि आजी गेली. हा प्रश्न दरवर्षी कुठल्या ना कुठल्या मुलाकडून येतो. 'विश्वास कमी पडला' हे उत्तर देऊ नये; ते मूल आयुष्यभर आजीच्या मरणाचं ओझं वाहील. 'देवाला ती हवी होती' हेही नको, कारण मग देव माणसं पळवणारा ठरतो. आम्ही गेथशेमाने बागेतली, येशूला धरून नेण्याआधीची रात्र सांगतो: येशूनेही दुःखाचा प्याला टळावा म्हणून मागितलं, पुन्हा पुन्हा मागितलं, आणि तो टळला नाही. त्यापुढे आमच्याकडे उत्तर नसतं आणि ते मुलाला तसंच सांगतो. रागावलेल्या मुलाला तेरावं स्तोत्र वाचायला द्यावं. 'हे परमेश्वरा, कोठवर?' असं बायबलातच कुणी विचारून ठेवलेलं आहे हे पाहून त्याला बोलायला जागा मिळते.

पालकांना सांगायच्या गोष्टी थोड्या आहेत. जेवणाची प्रार्थना ताट वाढल्यावर लांबवू नका. पाहुण्यांसमोर 'म्हणून दाखव' करू नका. शिक्षा म्हणून गुडघ्यावर बसवून प्रार्थना करायला लावू नका. नंतर ते गुडघे चर्चमध्येही दुखतात. झोपताना दोन वाक्यं पुरतात, आणि त्यांतलं एक आई-बाबांनी स्वतःसाठी मागितलेलं असावं: 'आज मी हिच्यावर उगाच ओरडले, मला क्षमा कर' असं आईच्या तोंडून ऐकलेलं मूल क्षमेबद्दल वर्गात जे शिकतं त्याहून जास्त शिकतं. शेजारचं दुसऱ्या धर्मातलं मूल मैत्रिणीबरोबर वर्गाला आलं तर त्याच्या आईवडिलांना विचारल्याशिवाय बसवू नये, आणि बसवलं तरी मोठ्याने प्रार्थना करायला लावू नये.

वर्षाच्या शेवटी, बालदिनाच्या आसपासच्या रविवारी, मुलं मोठ्यांच्या उपासनेत मध्यस्थीची, म्हणजे दुसऱ्यांसाठी मागायची, प्रार्थना चालवतात. पाच मुलं, प्रत्येकी दोन वाक्यं, स्वतः लिहिलेली. शिक्षकाने लिहून दिलेली नकोत. मंडळीला ती लगेच ओळखू येतात. वाक्यं कागदावर असू द्यावीत, पाठ करायला लावू नये, कारण चारशे माणसांसमोर पाठ केलेलं विसरतं आणि वाचलेलं विसरत नाही. कागद घडी न घालता पुठ्ठ्याला चिकटवावा, म्हणजे हात थरथरले तरी माइकमध्ये खसखस येत नाही. प्रत्येकानंतर मंडळीने 'प्रभू, आमची प्रार्थना ऐक' म्हणायचं हे आधी जाहीर करावं, नाहीतर पहिल्या मुलानंतर सगळे गप्प राहतात आणि ते मूल आपलं काय चुकलं म्हणून मागे वळून पाहतं. कुणी मध्येच अडलं तर मागे उभ्या असलेल्या शिक्षकाने फक्त पुढचा एक शब्द सांगायचा, वाक्य पूर्ण करायचं नाही. माइकचा स्टँड शनिवारीच सगळ्यांत बुटक्या मुलाच्या उंचीला लावून बघावा. खाली येत नसेल तर हातात धरायचा माइक घ्यावा आणि तो धरायला एक मोठी मुलगी शेजारी उभी करावी, कारण एका हातात पुठ्ठा आणि दुसऱ्यात माइक हे सात वर्षांच्या मुलाला जमत नाही.